‘आत्ता विचारलं तर?’ : परिसराच्या ॲपच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

मागणी एका ओळीची आहे: शैक्षणिक परिसराचा नकाशा, त्यावर माणसांचे ठिपके, आणि ‘जवळ कोण आहे’ हे सांगणारं ॲप. सोबत गेल्या सत्रात भरून घेतलेला फॉर्म जोडलाय. ‘मित्र जवळपास असल्याचं कळलं तर आवडेल का’ याला बहुतेकांचा होकार, ‘स्वतःचं लोकेशन दाखवाल का’ यालाही होकार. म्हणजे आता फक्त बांधायला घ्या, असा एकंदर सूर.

मला या होकारावर इमारत उभी करायची नाही. निवांत बसलेल्या माणसाला ‘असं ॲप वापराल का’ असं विचारलं की तो आपण कसं वागायला हवं ते सांगतो. लोकेशन सांगायची वेळ मात्र वेगळ्याच घटकेला येते. उशीर झालेला असतो, एकटं बसावंसं वाटत असतं, किंवा ज्याला टाळतोय नेमका त्याचाच मेसेज आलेला असतो. त्या घटकेचा फॉर्मला पत्ता नसतो.

मागाहून भरलेल्या माहितीचं काय होतं याचा एक दाखला टीमच्या बैठकीत सांगितला. आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जुनाट दुखणं असलेल्या रुग्णांना ठरलेल्या वेळी नोंद करायला कागदी डायऱ्या दिल्या. बाइंडरमध्ये प्रकाश टिपणारा सेन्सर होता, डायरी कधी उघडली ते त्यावरून कळायचं. रुग्णांच्या नोंदींप्रमाणे ९० टक्के वेळा डायरी वेळेवर भरली गेली होती. सेन्सरप्रमाणे ११ टक्के. वेळेवर वाजणाऱ्या आणि वेळेचा शिक्का उमटवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायरीत हाच आकडा ९४ टक्के होता. कागद मागाहून भरता येतो, म्हणून तो मागाहूनच भरला जातो.

ठरलं ते असं: आधी काही आठवडे लोकांना त्या-त्या क्षणी, ते असतील तिथे विचारायचं. बांधायचं काय, ते नंतर.

९ जानेवारी

वाचन. या पद्धतीची सुरुवात १९७० च्या दशकात शिकागो विद्यापीठात झाली. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी लोकांना पेजर दिले. तो दिवसात अवचित वाजायचा, आणि वाजला की कुठे आहोत, काय चाललंय, कसं वाटतंय ते तिथल्या तिथे कागदावर उतरवायचं. एक्सपीरियन्स सॅम्पलिंग मेथड हे नाव तेव्हापासूनचं. आम्ही बोलताना ईएसएमच म्हणतो.

आमच्या कामाच्या सगळ्यात जवळचा अभ्यास सनी कॉन्सोल्व्हो आणि सहकाऱ्यांचा, २००५ चा. १६ जण, दोन आठवडे. प्रत्येकाच्या ओळखीतल्या माणसांची नावं आधी घेऊन ठेवली होती. मग दिवसात अधूनमधून विचारायचं: अमुक व्यक्तीने आत्ता तुमचं ठिकाण विचारलं, तर काय सांगाल? विनंती काल्पनिक होती, पण माणूस खरा, क्षणही खरा. निष्कर्ष साधाच निघाला. कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय आणि त्याला किती तपशिलाचा उपयोग आहे, यावर उत्तर ठरतं. लोक मुद्दाम धूसर उत्तर देत बसत नाहीत. सांगायचं असेल तर समोरच्याच्या कामाचं सांगतात, नसेल तर सांगतच नाहीत.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी फळ्यावर लिहून ठेवली आहे. माणसांना खासगीपणाबद्दल ‘कडक’, ‘व्यवहारी’, ‘बेफिकीर’ अशा गटांत टाकणारी वेस्टिनची वर्गवारी त्यांनी वापरून पाहिली होती, आणि त्या वर्गावरून कोण काय उत्तर देईल याचा अंदाज येईना. ॲपमध्ये सुरुवातीलाच ‘तुमची प्रायव्हसी लेव्हल निवडा’ असं पान टाकायचा प्रस्ताव आहे, तो मांडणाऱ्यांना हे दाखवायचंय.

क्वेंटिन जोन्स आणि सुकेशिनी ग्रांधी यांची २००५ मधली मांडणीही उपयोगी आहे. स्थानाशी जोडलेल्या सामाजिक प्रणालींचे ते ढोबळ दोन प्रकार करतात: माणसाला केंद्रात ठेवणाऱ्या, म्हणजे अमुक कुठे आहे, जवळ कोण आहे, आणि जागेला केंद्रात ठेवणाऱ्या, म्हणजे इथे काय चाललंय, इथे कोण काय ठेवून गेलं. आमच्याकडे आलेली मागणी पूर्णपणे पहिल्या प्रकारची आहे. दुसऱ्या प्रकाराचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. आमच्या प्रश्नावलीत दोन्हींना जागा हवी.

१४ जानेवारी

प्रश्न लिहिले, खोडले, परत लिहिले. आता एकच स्क्रीन आहे, वर-खाली सरकवावी न लागणारी. प्रश्न पाच: कुठे आहात (यादीतून), कोणासोबत, इथे कशासाठी आलात, ‘तुमच्या यादीतल्या अमुकने आत्ता विचारलं तर काय सांगाल’, आणि शेवटचा, ‘आत्ता परिसराबद्दल एक गोष्ट कळली असती तर कोणती’. शेवटचा मोकळा आहे, हवं तर रिकामा ठेवा.

टीमला शेवटचा प्रश्न काढायचा होता, कारण मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण करायला वेळ लागतो. मी अडून बसलो. बाकी चार प्रश्नांत आपल्याला माहीत असलेल्याच गोष्टी विचारल्या आहेत.

दिवसाला किती वेळा विचारायचं, यावरही वाद. जास्त वेळा विचारलं की लोक कंटाळतील, हे ऐकायला पटतं. पण आयझेला आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना जाच वाटला तो प्रश्नावलीच्या लांबीचा. दिवसात तीनदा, सहादा की नऊदा विचारलं याने तेवढा फरक पडला नाही. तेव्हा प्रश्न कमी, वेळा थोड्या जास्त. दिवसात सहा पिंग, म्हणजे फोनवर वाजून प्रश्न पुढे करणाऱ्या सूचना, सकाळपासून रात्रीपर्यंतच्या सहा टप्प्यांत प्रत्येकी एक, टप्प्याच्या आत केव्हाही. आठ मिनिटांत उत्तर आलं नाही तर पिंग मावळतं. आठवून दिलेलं उत्तर इथे नकोय.

‘अमुकने विचारलं तर’ मधलं अमुकचं नाव फोनमध्येच राहील. सर्व्हरला फक्त नातं कळेल: मित्र, घरचं माणूस, वर्गातली ओळख, शिक्षक किंवा मार्गदर्शक.

शब्दांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘सहसा’, ‘साधारणपणे’, ‘शक्यतो’ हे तिन्ही शब्द कापले. प्रत्येक प्रश्नात ‘आत्ता’ आहे. संख्याशास्त्र सांभाळणाऱ्या सहकारी म्हणाल्या, कानाला टोचतंय. टोचू दे.

२१ जानेवारी

आजचा विषय ट्रिगर. पिंग कशामुळे वाजावं? घड्याळामुळे, की माणूस एखाद्या जागी पोचल्यामुळे?

विकासकाचं मत जिओफेन्स लावू, म्हणजे नकाशावर जागेभोवती अदृश्य वर्तुळ आखू, त्यात फोन शिरला की ॲपला कळेल: ग्रंथालयात शिरलं की विचार, मैदानावर गेलं की विचार. जागेबद्दलची प्रणाली आहे, तर जागेवरच विचारावं, हे तर्काला धरून आहे. मग मर्यादा समोर ठेवल्या. अँड्रॉइडवर एका ॲपला १०० जिओफेन्स मिळतात, आयफोनवर २०. वर्तुळाची त्रिज्या निदान १०० ते १५० मीटर ठेवा, असं अँड्रॉइडचं स्वतःचं सांगणं. आमच्या काही इमारतींमध्ये एवढं अंतरच नाही. ग्रंथालयाचं वर्तुळ प्रयोगशाळेच्या जिन्यावर चढतं. ॲप पडद्यामागे (बॅकग्राउंडला) असेल तर शिरल्याची खबर दोन-तीन मिनिटं उशिरा मिळते. शिवाय जीपीएसला मजला कळत नाही. म्हणून इमारतीच्या आत वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट पाहायचा आणि माणूस थोडा वेळ तिथे टिकला तरच विचारायचं. रस्त्याने नुसता गेला त्याला छेडायचं नाही.

तांत्रिक अडचणींपेक्षा मला दुसरीच भीती जास्त आहे. नील लाथिया आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की सेन्सर पाहून प्रश्न विचारायचा ठरवला, तर कोणत्या सेन्सरवर विचारलं यावरून माणसाच्या दिवसाचं चित्रच बदलतं. फक्त पोचल्यावर विचारलं तर आपल्याला फक्त पोचलेली माणसं दिसतील.

म्हणून दोन्ही. निम्म्या पिंग घड्याळावर, निम्म्या जागेवर, आणि प्रत्येक उत्तरासोबत ते कशामुळे विचारलं गेलं याची खूण. विश्लेषणात दोन्ही ढीग आधी वेगळे पाहायचे, मगच एकत्र.

२८ जानेवारी

नैतिकता समितीपुढे सादरीकरण. अपेक्षेपेक्षा चांगली चर्चा झाली.

त्यांचा पहिला प्रश्न: नावं काढून टाकलीत, मग धोका काय? मी २०१३ चा द माँज्वा यांचा अभ्यास सांगितला. १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींमध्ये, ठिकाण टॉवरइतकं ढोबळ आणि वेळ तासाइतकी ढोबळ असूनही, फक्त चार ठिकाण-वेळ जोड्या माहीत असल्या तर ९५ टक्के लोक एकमेवाद्वितीय ठरत होते. आमचा परिसर लहान, सहभागी थोडे. इथे तर दोनच जोड्या पुरतील. ‘रोज सकाळी मैदान, रात्री उशिरा प्रयोगशाळा’ एवढं वाचून वर्गमित्र नाव सांगतील.

एका सदस्यांनी व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपची आठवण काढली. २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की व्यायामाच्या नोंदींचा तो जगभराचा एकत्रित नकाशा ओसाड भागांतल्या लष्करी तळांची रूपरेषा दाखवतोय. एकाही धावणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं.

मान्य झालेलं: अक्षांश-रेखांश फोनबाहेर जाणार नाहीत, जाईल ते जागेचं नाव आणि दिवसाचा टप्पा. वैद्यकीय केंद्र, समुपदेशन कक्ष आणि प्रार्थनास्थळ या जागा यादीतच नाहीत. तिथे पिंगच वाजणार नाही. ‘थांबवा’चं बटण पहिल्याच पानावर, आणि दाबल्यावर कारण विचारायचं नाही. ‘का थांबवताय’ असं विचारणारी खिडकी विकासकाने सवयीने घातली होती, ती समितीने काढायला लावली. योग्यच केलं.

४ फेब्रुवारी

टीमपुरती चाचणी. काही फोनवर पिंग वाजतच नाही. अँड्रॉइड ६ पासून डोझ आलाय, म्हणजे फोन नुसता पडून असला की ॲप्सचं काम रोखून बॅटरी वाचवणारी सोय, आणि त्यावर काही कंपन्यांची स्वतःची बॅटरी वाचवण्याची यंत्रणा. दोघी मिळून ॲपला झोपवतात. पिंग पाठवलं, फोनपर्यंत पोचलं, दिसलं, उघडलं, उत्तर दिलं, हे पाच टप्पे आता वेगळे नोंदवले जातात. नाहीतर न वाजलेल्या पिंगला आपण ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बसू.

१३ फेब्रुवारी

सुरू झालं. मानधन उत्तरागणिक नाही, सहभागासाठी एकरकमी. उत्तरागणिक दिलं की बोटं चालतात, डोकं चालत नाही.

२५ फेब्रुवारी

अर्ध्या वाटेवर. मोकळ्या प्रश्नाची उत्तरं वाचायला घेतली आणि दुपार तिथेच गेली.

‘मित्र कुठे आहे’ हे कळायला हवं होतं, असं फार थोडे लिहितात. जे येतं ते असं: वरच्या मजल्यावर बसायला जागा आहे का. मैदानावर खेळ सुरू झाला का, की अजून माणसं जमवताहेत. प्रिंटर चालू आहे का. गटचर्चेच्या खोलीत कोणी आहे की नुसतीच आरक्षित. त्या कोपऱ्यात आत्ता बोललेलं चालेल का. माणसांचा उल्लेख येतो तेव्हाही तो बहुतेकदा जागेच्या अंगाने येतो: ओळखीचं कोणीतरी असेल तर जाते, नाहीतर नाही. ‘कोणीतरी’. नाव महत्त्वाचं नाही.

ट्रिगरच्या खुणेचा उपयोग इथेच झाला. ही उत्तरं जवळपास सगळी घड्याळाच्या पिंगवर आलेली आहेत. जागेवरच्या पिंगवर हा प्रश्न बहुतेकदा रिकामा, आणि ते साहजिकच आहे. ग्रंथालयात पोचलेल्याला ग्रंथालयात जागा आहे की नाही हे दिसतंच. माहितीची गरज लागते ती निघायच्या आधी, दुसऱ्याच कुठल्यातरी जागी, उठावं की बसून राहावं या विचारात असताना. कोणताही सेन्सर ही घटका टिपत नाही, कारण त्या घटकेला माणूस जागचा हललेलाच नसतो. फक्त जिओफेन्स लावले असते, तर ‘लोकांना जागेबद्दल काही जाणून घ्यायचं नाही’ असा निष्कर्ष आम्ही सुबक तक्त्यासह सादर केला असता.

१ मार्च

न आलेल्या उत्तरांकडे पाहतोय. ती सगळीकडे सारखी विखुरलेली नाहीत. ठरावीक जागा आणि ठरावीक टप्पे गप्प आहेत.

म्हणून रात्रीचा एक छोटा प्रश्न जोडलाय: आज जी पिंग सुटली, तेव्हा काय चाललं होतं? कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीची ही उसनवारी. त्यात आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने पुन्हा उभा करायला सांगतात. इथे आठवणीवर विसंबावं लागतं, मान्य. पण अजिबात काही नसण्यापेक्षा बरं, आणि हा डेटा वेगळ्या रकान्यात आहे, मुख्य उत्तरांत मिसळणार नाही.

६ मार्च

रात्रीच्या उत्तरांवरून दिसतंय ते गंभीर आहे. पिंग सुटते ती मुख्यतः माणूस सोबतीत रमलेला असताना: गप्पा, खेळ, तालीम. उत्तर मिळतं ते वाट पाहणाऱ्यांकडून, एकट्यांकडून, रांगेतल्यांकडून. म्हणजे आमच्या डेटातला परिसर खऱ्यापेक्षा जास्त एकाकी आहे.

विश्लेषणात वजनं लावून, म्हणजे कमी आलेल्या प्रकारच्या उत्तरांना जास्त महत्त्व देऊन, हे थोडं सावरता येईल. प्रणालीच्या रचनेत मात्र याचा अर्थ फार पुढे जातो. ‘इथे आत्ता कसं आहे’ हे तिथल्या माणसांना विचारून दुसऱ्यांना दाखवायचं, अशी कल्पना टीममध्ये मूळ धरू लागली होती. तसं केलं तर जिथे सगळ्यात जास्त रंग भरलाय, तिथूनच काही कळणार नाही, आणि ॲपमध्ये ती जागा ओसाड दिसेल. लोक उत्तर देत नाहीत म्हणून जागा मेली, असं समजणारं ॲप बांधायला आपण निघालो होतो की काय, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला. उत्तर कोणी दिलं नाही, पण फळ्यावरचा आराखडा पुसला गेला.

पर्याय: गर्दीचा अंदाज वाय-फायला जोडलेल्या उपकरणांच्या संख्येवरून घ्यायचा, माणसाला न विचारता. फक्त संख्या, उपकरणाची ओळख नाही. एका माणसाकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही असतात, त्यामुळे संख्या नेमकी येणार नाही. ‘मोकळं, ठीकठाक, भरलेलं’ एवढ्यापुरती चालेल. आणि यंत्राला जे कळत नाही तेवढंच माणसाला विचारायचं: बोललेलं चालेल का, खेळात अजून एकाला जागा आहे का.

१२ मार्च

मुख्य विश्लेषण. एकेका माणसाच्या उत्तरांमध्ये आपापसात जेवढा फरक आहे, तेवढा माणसामाणसांत नाही. तीच व्यक्ती त्याच मित्राला सकाळी खोलीपर्यंत ठिकाण सांगते आणि दुपारी काहीच सांगत नाही. फरक पडतो तो सोबत कोण आहे आणि इथे कशासाठी आलोय यावर. विचारणारा मार्गदर्शक असेल तर काम चालू असताना उत्तर अगदी तपशीलवार, विश्रांतीच्या वेळी शून्य. यात चकित व्हावं असं काही नाही, पण आता ते आकृतीत आहे. प्रायव्हसी लेव्हलचं पान याने निकालात निघालं.

सहभागींना त्यांच्या स्वतःच्याच उत्तरांचा तक्ता दाखवून मुलाखती घेतोय. एकीने तो पाहून सांगितलं की आपण लोकेशनबाबत एकदम खुल्या आहोत असंच तिला वाटत होतं. जुन्या फॉर्ममध्ये असाच होकार देणाऱ्यांची उत्तरं मला आता वेगळी वाचावीशी वाटतात.

२० मार्च

ॲपची मागणी करणाऱ्या समितीसोबत बैठक, लांबलेली. ठिपक्यांचा नकाशा कुठे गेला, हा मुख्य आक्षेप. ‘असे नकाशे सगळीकडे आहेत’ या युक्तिवादावर मी गूगल लॅटिट्यूड पुढे केलं: सतत लोकेशन दाखवणारी ती सेवा २००९ मध्ये आली आणि २०१३ मध्ये बंद झाली. तेव्हा एका सदस्यांनी बरोबर बोट ठेवलं: पुढे लोकेशन शेअरिंग गूगल मॅप्समध्ये परत आलंच की. आलं, पण ते ठरावीक माणसाला आणि हवं तर ठरावीक वेळेपुरतं देता येतं. परिसरभर उघडा ठिपका ते नव्हे. यावर एकमत झालं नाही. दोन्ही बाजू लिहून ठेवल्या.

जे मान्य झालं ते पुरेसं आहे. पहिल्या आवृत्तीत केंद्रस्थानी जागा. जागेचं पान उघडलं की गर्दीचा अंदाज, कोणी ठेवलेली ताजी सूचना, आणि ‘तुमच्या ओळखीचं कोणीतरी इथे आहे’ एवढीच ओळ, नावाशिवाय, तीही ज्यांनी त्या वेळेपुरती परवानगी दिली त्यांच्यासाठीच. ओळखीतले परवानगी दिलेले पाचाहून कमी असतील तर ही ओळ दिसतच नाही, कारण दोन-तीन जणांच्या यादीत ‘कोणीतरी’ म्हणजे कोण हे ओळखायला डोकं लागत नाही.

२ एप्रिल

नोटिफिकेशनचा हिशेब ठरवला. आम्ही सहा पिंग पाठवत होतो ते संशोधनासाठी, ठरावीक मुदतीसाठी, मानधन देऊन. ॲपला तो हक्क नाही. पण कुठल्या घटकेला छेडलेलं चाललं आणि कुठल्या घटकेला नाही, याची सगळ्यात चांगली नोंद याच अभ्यासात आपोआप झाली आहे. उघडलेल्या आणि न उघडलेल्या पिंगांवरून नियम काढले: चालताना नाही, नुकतंच पोचल्यावर नाही, आसपास सहभागी मित्रांचे फोन असतील तर नाही. ॲप स्वतःहून दिवसात एकदाच बोलू शकेल. बाकी सगळं माणसाने उघडलं तरच.

विकासकाला तिसऱ्या नियमासाठी ब्लूटूथ स्कॅन करावा लागेल आणि बॅटरी जाईल. तो मोजून सांगणार आहे. फारच जात असेल तर नियम सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात ते एक नोटिफिकेशनही काढून टाकायचं, असं आमचं दोघांचं बोलणं झालंय. समितीला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या सत्रात पहिली आवृत्ती थोड्या लोकांच्या हातात जाईल. तेव्हाही हेच पाच प्रश्न, हेच ट्रिगर, फक्त चौथा प्रश्न बदलेल: ‘अमुकने विचारलं तर’ ऐवजी ‘हे पान पाहून तुम्ही उठलात का’.